कागदावर रिकामी सिस्टर

माझं मुख्य काम कागद आखण्याचं आहे. डावीकडे नावं, वर तारखा आणि मधल्या चौकोनांत सकाळ, संध्याकाळ, रात्र किंवा सुटी. याला ड्यूटी रोस्टर म्हणतात. लखनऊच्या गोमती नगरमधल्या एका खासगी हॉस्पिटलात मी नर्सिंग सुपरिटेंडेंट आहे, आणि शंभरावर सिस्टर-ब्रदरांचा महिना माझ्या टेबलावर ठरतो. मी पेन्सिलीनेच लिहिते, कारण पेनाने केलेला रोस्टर दुसऱ्या दिवशी खोटा ठरतो.

बावीस वर्षांपूर्वी रेल्वेतल्या इंजिनियर नवऱ्याच्या बदलीबरोबर मी वर्ध्याहून इथे आले. नंतर त्याच्या दोन बदल्या झाल्या, मी हलले नाही; आता तोही परत इथेच आहे. इथले सणवार मला शेजाऱ्यांनी शिकवले नाहीत, रोस्टरने शिकवले. ईदला नसरीन आणि तिच्याबरोबरच्या मुलींना सुटी, त्या दिवशी सुनीता आणि पूनम जास्तीची ड्यूटी ओढतात; दिवाळीला उलट. हा करार मी केलेला नाही, माझ्या आधीपासूनचा आहे. करवा चौथला संध्याकाळची ड्यूटी लावली तर सासूचा फोन येतो. छठला पूर्वेकडच्या मुली थांबतच नाहीत, विचारण्यात अर्थ नसतो. आणि जूनमध्ये मलिहाबादच्या बाजूच्या सिस्टरना घरी जायचं असतं, कारण बागेत दशहरी आंबा उतरत असतो आणि घरातला प्रत्येक हात लागतो.

असा एक रोस्टर मी चुकीचा केला. त्यापायी एका सिस्टरची नोकरी जाणार होती आणि एका पेशंटच्या जिवावर बेतलं असतं. हॉस्पिटलातली माणसं दमतात कशी, यावर आजकाल पुष्कळ भाषणं होतात. मला भाषण येत नाही. जे झालं ते सांगते.

अनिता मलिहाबादजवळच्या एका गावची. घराण्यात नोकरी करणारी पहिली मुलगी. आमच्या आयसीयूत तिला सहा वर्षं झाली होती. हात हलका, डोकं शांत आणि जीभ तिखट. लाँड्रीतून चादरी आल्या की त्या माणसाला थांबवून एकेक उघडायची. "भैया, ये चादर है या नक्शा?" असं विचारून डागांवर बोट ठेवायची. रोस्टर लागला की पहिली माझ्या दारात.

"मैडम, आपने मुझे तीन नाइट के बाद सीधे मॉर्निंग दी है। मैं सोऊँगी कब, ऑटो में?"

"एक दिन का बीच में ऑफ है, ठीक से देखो।"

"वो ऑफ नहीं है, वो नाइट से घर लौटने का दिन है।"

तिचं बरोबर असायचं. मी बदल करायची आणि मनात म्हणायची, ही पोरगी कामाची आहे पण फार भांडते.

आयसीयूत एका सिस्टरकडे दोन पेशंट असतात. तासातासाला नाडी, रक्तदाब, ताप, श्वास, लघवीचं प्रमाण चार्टवर लिहायचं. मशीन दाखवतं ते लिहायचं आणि मशीन दाखवत नाही ते बघायचं. दुसरा भाग कुणी शिकवत नाही. तो अनिताला येत होता.

त्या वर्षी मे महिन्यात चार नंबरच्या बेडवर एक म्हातारे गृहस्थ आले. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना मास्टर साहब म्हणत. गळ्याला भोक पाडून श्वासाचं मशीन लावलेलं, त्यामुळे बोलता येत नव्हतं. वहीवर लिहून ते अनिताला गणितं घालायचे. ती एका हाताने त्यांच्या नळीतला कफ काढायची आणि तोंडाने उत्तर द्यायची. उत्तर चुकलं की ते डोळे मिटून घेत. ती म्हणायची, "मास्टर साहब, फेल मत कीजिए, नौकरी चली जाएगी।"

आठवड्याने त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. हात जोडून उभा. "मैडम, आपकी बड़ी मेहरबानी होगी, बाबूजी को वही सिस्टर दे दीजिए।" लखनऊत माणूस मागणीही अशी करतो की नकार देणारा उद्धट ठरावा. मी हो म्हटलं. त्यानंतर अनिता ज्या ज्या दिवशी ड्यूटीवर, त्या त्या दिवशी चार नंबर तिचा. मला त्यात अभिमानच वाटला. पेशंटचे नातेवाईक सिस्टरचं नाव घेऊन मागतात, यापेक्षा चांगलं प्रशस्तिपत्र कुठलं?

जूनमध्ये तिने चार दिवस सुटी मागितली. बाग उतरवायची होती, वडिलांना एकट्याने झेपत नव्हतं. मी म्हटलं, मास्टर साहब घरी गेले की जा. ती एवढंच म्हणाली, "और घर नहीं गए तो?" मी दुसऱ्या फाइलकडे वळले.

ते घरी गेले नाहीत. महिन्यावर चारपाच दिवस झाले असतील, सकाळी दहाच्या सुमारास गेले. ड्यूटी अनिताची होती. गेलेल्या माणसाचं शेवटचं सगळं सिस्टरच करते: नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, हनुवटी बांधायची, नावाची चिठ्ठी लावायची. तिने ते केलं. मुलाशी बोलली. बेड धुतला गेला. बारा वाजता इमर्जन्सीतून फोन आला, पेशंट पाठवतोय, बेड कोणता? मी कागद पाहिला. अनिताच्या नावापुढे आता एकच पेशंट उरला होता. कागदावर ती रिकामी होती. मी चार नंबरवर बाण ओढला आणि नवा पेशंट तिला दिला.

यात माझं काही चुकतंय असं मला वाटलंही नाही. पंधरा वर्षं मी असंच करत आले होते आणि माझ्या आधीच्या मॅडमही तसंच करत.

त्यानंतर अनिता सुधारली. म्हणजे मला तसं वाटलं. रोस्टर लागला की येईना. चादरी आल्या की मोजून घ्यायची आणि सही करायची. स्टाफमधलं कुणी आजारी पडलं तर "मैं कर लूँगी" म्हणायची. काम झटपट, चार्ट स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं. राहिलेली सुटी मागायलाही आली नाही. मी खूश झाले. ऑगस्टमध्ये तिला सकाळच्या शिफ्टची इनचार्ज केलं आणि 'महिन्याची सिस्टर' म्हणून लिफ्टजवळच्या बोर्डावर तिचा फोटो लावला.

त्याच महिन्यात मॅनेजमेंटने स्टाफचा ताण कमी करण्यासाठी एक ट्रेनर बोलावला. हजेरी सक्तीची, म्हणून ज्यांची सुटी होती त्यांनाही बोलावलं. एकजण म्हणाली, "मैडम, टेंशन कम करने के लिए छुट्टी के दिन बुलाया है?" ट्रेनरने प्रत्येकीला फुगा दिला. त्यावर आपल्या मनावरचं ओझं लिहायचं आणि टाचणीने फोडायचं. चाळीस फुगे एकदम फुटले तेव्हा खालच्या मजल्यावरचे नातेवाईक जिन्याकडे पळाले आणि सिक्युरिटीचे दोघे वर धावत आले. हसून हसून आमचा ताण खरोखरच कमी झाला. अनिताने फुगा फुगवला, काही न लिहिता फोडला आणि तुकडे उचलून योग्य रंगाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. मी म्हटलं, बघा, किती शिस्तीची.

सप्टेंबरात एके दिवशी मी सकाळच्या राउंडला निघाले. आयसीयूत पोचले तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. सहा नंबरचा पेशंट अनिताकडे होता, त्याचा चार्ट हातात घेतला. बाराचा रकाना भरलेला होता. एकचा भरलेला होता. दोनचाही. सुंदर अक्षरात, ताप प्रत्येक ठिकाणी नॉर्मल. मी पेशंटच्या कपाळाला हात लावला. हात ठेववेना.

थर्मामीटरने एकशे दोन दाखवला. डॉक्टरांना बोलावलं, रक्त तपासायला गेलं, औषध बदललं. पेशंटच्या बायकोला डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं की ताप आमच्या लक्षात उशिरा आला. दहाबारा दिवसांनी ते गृहस्थ घरी गेले, म्हणून मी आज हे लिहू शकते. त्या दिवशी मी दोनपर्यंत राउंडला गेले नसते तर काय, याचा हिशोब डॉक्टरांनी मला करून दाखवला नाही आणि मी विचारला नाही.

न घेतलेल्या नोंदी लिहिणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. औषध चुकलं तर चूक म्हणतात. ही खोटी नोंद. नोकरी जातेच, शिवाय अनुभवाच्या दाखल्यावर एक ओळ अशी येते की शहरातलं दुसरं हॉस्पिटल उभं करत नाही.

अनिताला माझ्या खोलीत बोलावलं. ती आली, उभी राहिली.

"बैठो। ये तुमने भरा है?"

"जी।"

"सवा ग्यारह बजे दो बजे का बुखार तुम्हें कैसे मालूम?"

"वही आता है, मैडम। रोज वही आता है।"

"आज नहीं आया।"

"हाँ।" मग म्हणाली, "मैं पेशंट को देखती हूँ तो कुछ दिखता नहीं। मॉनिटर दिखता है।"

"कब से?"

"पता नहीं।" तिने चार्टची कड सरळ केली. "मास्टर साहब के बाद जो आए थे, उसी बेड पर। चार दिन मेरे पास थे। उनका नाम मुझे आज तक नहीं मालूम।"

ती रडली नाही. मला ते बरं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी काळजी वाटली. तिला घरी पाठवून मी जूनची फाइल काढली. चार नंबर, बाराची वेळ, माझ्याच हातचा बाण.

नसरीन माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, मेडिकल वॉर्डची इनचार्ज, पूर्वी आयसीयूत होती. तिला विचारलं, तुला काही जाणवलं होतं का? ती स्टॉकची वही भरत होती, मान वर न करता म्हणाली, "मैडम, उसने चादर पर लड़ना कब छोड़ा, याद है आपको?"

"मुझे लगा समझदार हो गई।"

"थक गई थी। लड़ने में भी जान लगती है।"

"तो मुझे बताया क्यों नहीं?"

आता तिने मान वर केली. "आपने उसकी फोटो लगा दी थी। फोटो के बाद कौन बोलता?"

मी खाली जाऊन बोर्डावरचा तो फोटो उतरवला. तेही नीट केलं नाही. चारजणींनी पाहिलं आणि दुपारपर्यंत हॉस्पिटलभर बोभाटा झाला.

घरी नवऱ्याला सांगितलं. मी म्हणत होते की मी दर महिन्याला प्रत्येकीला विचारते, सगळं ठीक आहे ना, आणि सगळ्या ठीक म्हणतात. तो लसूण सोलत होता.

"तू विचारतेस कशाला? आमच्याकडे इंजिनाला कुणी विचारत नाही, दमलास का म्हणून. ठरलेले दिवस भरले की शेडमध्ये आणायचं. नीट चालत असलं तरी आणायचं."

"माणसं म्हणजे इंजिनं नाहीत."

"म्हणूनच सांगतोय. इंजिन निदान आवाज करतं."

आमची मुलगी पलीकडे अभ्यास करत होती. घरात मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. म्हणाली, "मम्मी, पापा सही बोल रहे हैं। और आप भी वही करती हो, सब ठीक है बोलके सो जाती हो।" तिला गप्प बसवलं, पण नवऱ्याचं शेडचं बोलणं डोक्यात राहिलं.

चौकशीला तिघे होते: मेडिकल डायरेक्टर, एचआरचा माणूस आणि मी. एचआरचा माणूस तरुण, व्यवस्थित. त्याने चार्टची प्रत मध्ये ठेवली. "मैडम, ये तो क्लियर केस है। टर्मिनेशन बनता है।"

मी म्हटलं, नोंद खोटी आहे, पेशंट दगावला असता, मी माफी मागायला आलेली नाही. मग मेपासूनचे रोस्टर त्याच चार्टशेजारी ठेवले. सलग एकाच पेशंटवर लावलेले दिवस, नाकारलेली सुटी, मृत्यूनंतर दोन तासांत त्याच बेडवर दिलेला पेशंट, आणि गप्प झाल्यावर दिलेली बढती. प्रत्येक ठिकाणी सही माझी. मी सांगितलं की सव्वाअकरा वाजता तिने दोन वाजताचं लिहिलं हे खरं. ती रिकामी आहे असं मी जूनमध्ये लिहिलं, तेही न बघताच लिहिलं होतं.

डायरेक्टर थोडे हसले. "तो क्या करें, मेमो आपको दें?"

"उसको लिखित वॉर्निंग, मुझे मेमो। और उसको आयसीयू से बाहर, तीन महीने। लेकिन नौकरी पर।"

हसणं थांबलं. एचआरच्या माणसाने विचारलं की हा पायंडा पडणार नाही का? मी म्हटलं, पडू दे. जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा त्यांनी मानलं. माझ्या फाइलमधला तो पहिला मेमो. मोठेपणा मिळवायला मी तो मागितला नव्हता. तिची ती खोटी नोंद आणि माझा तो नुसता रोस्टर, एवढा फरक मला त्या टेबलावर टिकवता येईना, एवढंच.

अनिताने आभार मानले नाहीत. तिला ओपीडीतल्या लसीकरणाच्या खोलीत पाठवते म्हटल्यावर तिचा चेहरा आवळला. आयसीयूतल्या सिस्टरला लसीकरण म्हणजे हवालदाराला शाळेच्या फाटकावर उभं करण्यासारखं.

"ये सजा है या छुट्टी?"

"दोनों समझ लो।"

"छुट्टी जून में माँगी थी।"

ती गेली.

मग मी रोस्टरची पद्धत बदलली. जड, म्हणजे अत्यवस्थ पेशंटवरच्या प्रत्येक दिवसाला नावापुढे एक टिंब. ठरावीक टिंबं भरली की त्या सिस्टरला आठवडाभर हलक्या कामावर पाठवायचंच. ती कितीही ताजी दिसो, कितीही नको म्हणो, मी विचारत नाही. घरच्यांनी नाव घेऊन सिस्टर मागितली तरी तीन दिवसांवर नाही. आणि पेशंट गेला तर शेवटचं करणाऱ्या सिस्टरला त्या शिफ्टमध्ये नवा पेशंट नाही. बेड मोकळा ठेवता येत नाही, बाहेर माणसं थांबलेली असतात. पण पेशंट दुसरी घेते, कुणीच नसेल तर मी घेते. दोनतीनदा मी गेले. माझे हात आता मंद झालेत. एक नवी पोरगी मला औषधाचा पंप लावताना बघत होती, म्हणाली, "मैडम, आपके टाइम वाली मशीन अब म्यूजियम में है।" तरी तिने शिकवलं.

सगळ्यांना हे आवडलं असं समजू नका. पहिला विरोध सिस्टरांचाच. जिने जीव लावून एखाद्या पेशंटला सांभाळलं तिला त्याच्यापासून उठवलं की ती माझ्यावर चिडते, आणि तिचं चिडणं खरं असतं. नातेवाईक रागावतात. एका माणसाने मला दगड म्हटलं, अर्थात 'आप' लावून. फुग्यांऐवजी आता आठवड्यातून एकदा ड्यूटीच्याच वेळेत अर्धा तास चहा असतो; त्या वेळात वॉर्ड नसरीन आणि मी बघतो. मी त्या चहाला बसत नाही. मी गेले तर त्या माझ्याविषयी बोलणार कशा?

टिंबांनी सगळं सुटतं असंही नाही. एक चांगला ब्रदर मधल्या काळात न सांगता सोडून गेला, त्याच्या नावापुढे टिंबं कमीच होती. त्याचं ओझं हॉस्पिटलबाहेरचं असावं. मला कळलं नाही.

तीन महिने संपले तेव्हा जानेवारी लागला होता. धुक्याने दुपारीही दिवे लावावे लागत होते. आयसीयूत मला माणसांची फार निकड होती. अनितासारखी दुसरी तयार व्हायला पाच वर्षं जातात. मी स्वतःच लसीकरणाच्या खोलीत गेले. ती एका बाळाच्या मांडीला सुई टोचत होती. बाळ किंचाळलं, आजी सुनेवर ओरडली, सून रडकुंडीला आली. अनिता आजीला म्हणाली, "अम्मा, सुई बच्चे को लगी है, चिल्ला आप रही हैं।" आजी हसली. ते निघाले.

मी म्हटलं, "तीन महीने हो गए। आयसीयू में तुम्हारी जगह है। सोमवार से आ जाओ।"

"नहीं।"

"सोच लो। इनचार्ज भी रहोगी।"

"सोच लिया। यहाँ बच्चा आता है, रोता है, घर जाता है। मैं यहीं ठीक हूँ।"

"अनिता, वहाँ तुम्हारे जैसा हाथ किसी का नहीं है। पेशंट को तुम्हारी..."

"मैडम," ती सिरिंजचा डबा बंद करत म्हणाली, "आप फिर वही कर रही हैं।"

करत होतेच. तेच शब्द, तीच गरज, आणि मला ते तिच्या तोंडून ऐकेपर्यंत कळलं नव्हतं. माझी आयसीयूतली सगळ्यात चांगली सिस्टर त्या क्षणी कायमची गेली. हॉस्पिटलातली एक सिस्टर राहिली. दोन्ही एकदम मिळणार नव्हतं. मी सांगितलं की बदली कायम करते, कागद उद्या येईल.

पुढचं बाळ आलं होतं, दुपट्यात गुंडाळलेलं, जेमतेम दीड महिन्याचं. अनिताने ते आईच्या मांडीवर नीट धरायला लावलं, दुपटं बाजूला केलं, आपले तळवे एकमेकांवर चोळून गरम केले आणि मग त्याच्या पायाला हात लावला. मी अजून दारातच होते.

"मैडम, या तो अंदर आइए या बाहर। बच्चे को हवा लग रही है।"

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.